सायबर कॅफेतला वेब फिल्टर : लिनक्स सर्व्हरवर बसवायचा कसा, सांभाळायचा कसा

बेळगाव असो, मडगाव असो की इंदूर, सायबर कॅफे चालवणाऱ्याला नियम एकच लागू होतो. केंद्र सरकारच्या २०११ च्या सायबर कॅफे नियमांनुसार ग्राहकाची ओळख तपासणे आणि नोंदवही ठेवणे बंधनकारक आहे. कोणत्या साइट पाहिल्या याचा इतिहास आणि प्रॉक्सी सर्व्हर असेल तर त्याच्या नोंदीही किमान एक वर्ष जपून ठेवाव्या लागतात. अश्लील साइट शक्यतो उघडू नयेत म्हणून संगणकांवर फिल्टर सॉफ्टवेअर बसवावे, असेही याच नियमांत सुचवले आहे. त्यासाठी दर वर्षी परवान्याचे पैसे मोजलेच पाहिजेत असे नाही. जुना संगणक, लिनक्स आणि 'स्क्विड' हे मोफत सॉफ्टवेअर एवढ्यावर फिल्टर आणि नोंदी ही दोन्ही कामे भागतात.

जोडणी कशी असावी

स्क्विड हा प्रॉक्सी सर्व्हर आहे. ग्राहकाचा संगणक साइटकडे थेट जात नाही. तो स्क्विडला सांगतो, स्क्विड नियम तपासतो आणि मगच पुढे जोडून देतो. वीसेक संगणकांच्या कॅफेला चार जीबी मेमरीचा साधा डेस्कटॉप सहज पुरतो. त्यात दोन नेटवर्क कार्डे हवीत : एक राउटरकडे, दुसरे कॅफेच्या स्विचकडे. लिनक्स एका कार्डावरची वाहतूक दुसऱ्या कार्डावर आपणहून पाठवत नाही. ती सोय मुद्दाम चालू केली नाही, तर प्रॉक्सीशिवाय बाहेर जायला वाटच उरत नाही. सगळे संगणक थेट राउटरला जोडलेले असतील, तर ब्राउझरमधली प्रॉक्सीची सेटिंग काढली की फिल्टर संपला.

बसवण्याच्या पायऱ्या

(डेबियन किंवा उबुंटू धरून, आज्ञा अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या.)

१. 'सुडो एपीटी अपडेट' आणि मग 'सुडो एपीटी इन्स्टॉल स्क्विड' या आज्ञा द्याव्यात.

२. मूळ सेटिंगची फाइल ईटीसी फोल्डरातल्या स्क्विड फोल्डरात असते. तिला हात न लावता शेजारच्या 'कॉन्फ-डॉट-डी' फोल्डरात आपली वेगळी फाइल करावी. तिच्या नावाच्या शेवटी 'डॉट कॉन्फ' हवे.

३. बंद करायच्या साइटची यादी साध्या टेक्स्ट फाइलमध्ये, एका ओळीत एक नाव अशी लिहावी. नावाच्या आधी टिंब दिले की त्या साइटचे सगळे उपविभागही बंद होतात. देवनागरी नावाच्या साइट, म्हणजे शेवटी 'डॉट भारत' असलेल्या, यादीत देवनागरीत लिहून चालत नाहीत. 'एक्सएन'ने सुरू होणारे त्यांचे इंग्रजी अक्षरांतले रूप लिहावे लागते.

४. आपल्या फाइलमध्ये तीन ओळी पुरतात. पहिल्या ओळीत 'एसीएल'ने यादीला नाव द्यायचे, दुसरीत त्या यादीला 'डिनाय', तिसरीत 'लोकलनेट'ला 'अलाऊ'. क्रम महत्त्वाचा आहे. स्क्विड नियम वरून खाली वाचतो आणि जो पहिला लागू पडेल तिथे थांबतो. 'अलाऊ' आधी आले तर यादी कितीही मोठी असली तरी उपयोग शून्य.

५. 'स्क्विड -के पार्स' ही आज्ञा फाइलमधल्या चुका दाखवते. चूक नसेल तर 'स्क्विड -के रीकॉन्फिगर' देऊन नवे नियम लागू करावेत.

६. प्रत्येक संगणकाच्या प्रॉक्सी सेटिंगमध्ये सर्व्हरचा पत्ता आणि ३१२८ हा पोर्ट भरावा.

यादी कोणाची?

हाताने लिहिलेली यादी कधीच पुरी पडत नाही. फ्रान्सच्या तुलूझ विद्यापीठाची विषयवार यादी मोफत मिळते. त्यात प्रौढ मजकूर, जुगार, फसवणुकीच्या साइट असे वेगळे विभाग आहेत. एवढी मोठी यादी चाळायला स्क्विडच्या जोडीला 'स्क्विडगार्ड' लावतात. तो यादीचा डेटाबेस करून ठेवतो. या फाइलींची मालकी 'प्रॉक्सी' या वापरकर्त्याकडे नसली, तर स्क्विडगार्ड 'इमर्जन्सी मोड'मध्ये जातो आणि सगळ्यांनाच आत सोडतो. बाहेरून सगळे ठीक दिसते. त्यामुळे बसवल्यावर बंद साइट उघडून बघणे ही चाचणी टाळू नये.

नुसत्या शब्दांवरून अडवणारे फिल्टर मात्र जपून वापरावेत. स्तनांच्या कर्करोगाची माहिती शोधणारी बाई अडते आणि फिल्टरच्या यादीत नसलेल्या भाषेतला अश्लील मजकूर बिनबोभाट निघून जातो.

एचटीटीपीएसचे कुलूप

आज बहुतेक साइट एचटीटीपीएसवर चालतात. अशा वेळी स्क्विडला साइटचे नाव कळते, आतले पान दिसत नाही. बंद साइटवर आपला मराठी सूचनाफलकही दाखवता येत नाही. ब्राउझर नुसती जोडणी न झाल्याची चूक दाखवतो आणि ग्राहकाला वाटते नेट गेले. कोणत्या प्रकारच्या साइट बंद आहेत याचा कागद भिंतीवर लावलेला बरा.

आतले पान वाचायची सोयही स्क्विडमध्ये आहे. तिला 'एसएसएल बम्प' म्हणतात. त्यासाठी प्रत्येक संगणकावर आपले प्रमाणपत्र बसवावे लागते, आणि मग ग्राहकाचा बँकेचा पासवर्ड, परीक्षेच्या फॉर्मची माहिती, आधारचा तपशील हे सगळे सर्व्हरवर उघडे पडते. तो सर्व्हर कोणी फोडला तर नुकसान ग्राहकांचे. कॅफेने या वाटेला जाऊ नये; नावावरून अडवणे पुरेसे आहे.

नोंदी वर्षभर टिकवा

स्क्विड प्रत्येक भेटीची नोंद 'ॲक्सेस लॉग' या फाइलमध्ये करतो. पण मुळातली मांडणी जुन्या नोंदी थोड्याच दिवसांत पुसून टाकते. फिल्टर उत्तम चालतो आणि चौकशी आली की दाखवायला काही नसते. 'लॉगरोटेट'च्या स्क्विड फाइलमध्ये रोजच्या फाइलींची संख्या ३६५ च्या वर न्यावी आणि प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवावी. सर्व्हरचे घड्याळही बरोबर हवे. वेळ चुकली तर नोंदवहीतले नाव आणि संगणकावरची नोंद जुळत नाही, आणि संशय भलत्याच ग्राहकावर येतो.

याच नोंदींत लोकांचे आजार, कर्जे, घरगुती प्रश्नही दिसतात. सर्व्हरचा पासवर्ड मालकापुरताच ठेवावा. चौकशीला येणाऱ्याकडे अधिकारपत्र मागावे.

एवढे जमत नसेल तर

घरी किंवा लहान अभ्यासिकेत राउटरच्या डीएनएसमध्ये क्लाउडफ्लेअरचा १.१.१.३ हा मोफत पत्ता भरला तरी प्रौढ आणि घातक साइट बऱ्याच अंशी अडतात. पण कोणी काय पाहिले याची नोंद त्याने आपल्याकडे राहत नाही. त्यामुळे कॅफेची नियमांची गरज त्यावर भागत नाही. आणि कोणताही फिल्टर घेतला तरी ग्राहकाने मोबाइलचा हॉटस्पॉट लावला की तो बाजूलाच पडतो. तिथे काउंटरवरच्या माणसाची नजरच कामाला येते.