घरगुती व्यवसाय : जागावापराचे नियम (आदिलाबाद जिल्हा)

राहत्या घरातून धंदा चालवण्यावरील निर्बंध. आदिलाबाद शहरात तेलंगण नगरपालिका अधिनियम, २०१९ आणि खेड्यांत पंचायत राज अधिनियम, २०१८ लागू असला, तरी जिल्ह्याचा खरा पेच जमिनीचा आहे. उटनूर, इंद्रवेल्ली हा मुलूख राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीत मोडतो. तेथे १९५९ चा जमीन हस्तांतरण विनियम (१९७० च्या दुरुस्तीसह) चालतो. बिगर-आदिवासीच्या नावे झालेले स्थावराचे हस्तांतरण रद्दबातल ठरते. हस्तांतरणात केवळ विक्री नव्हे, गहाण, बक्षीस आणि भाडेपट्टाही येतो. म्हणजे ओसरीलगतची खोली किराणा दुकानासाठी बिगर-आदिवासीला भाड्याने देणे हादेखील कायद्याचाच प्रश्न. व्यापारपरवाना पुढची गोष्ट.

पैनगंगेपलीकडे महाराष्ट्रात चित्र निराळे. तेथील २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत घरगुती व्यवसायाची व्याख्याच आहे : घरातल्याच माणसाने, पगारी मजूर न ठेवता, बाहेर पाटी न लावता करायचे काम, यंत्रेही घरगुती वापराचीच. शिलाई मशीन त्यात सहज बसते. खानावळ मात्र व्याख्येतूनच वगळली आहे, आणि पाटीवाचून गिऱ्हाईक यायचे कसे, हे नियमावली सांगत नाही.