शब्दसंख्येची साक्ष : संकटकाळांतील हौशी बिनतारी संदेश

हस्तलिखितें चाळणारास पोथीच्या अखेरीस येणारी ग्रंथसंख्या परिचयाची आहे. बत्तीस अक्षरांचा एक ग्रंथ, या मापानें लेखकाची मजुरी ठरे. परंतु त्याच आंकड्यावरून पोथींत कांहीं गळालें किंवा मागाहून घुसलें काय, याचाहि अजमास लागतो. हौशी बिनतारीवाले संकटकाळीं जे संदेश धाडतात, त्यांच्या शिरोभागीं असाच एक आंकडा असतो. त्याचें मोल दाखविणें हा प्रस्तुत टिपणाचा हेतु आहे.

प्रथम एक अपपाठ पाहूं. ता. १४ एप्रिल १९१२ रोजीं रात्रीं टायटॅनिक जहाज हिमनगावर आदळलें व दुसरे दिवशीं पहांटे २ वाजून २० मिनिटांनीं बुडालें. सुमारें १५०० माणसें मेलीं. असें असतां त्याच दिवशीं अमेरिकेंतील कांहीं वृत्तपत्रांनीं, सर्व उतारू सुखरूप असून जहाज हॅलिफॅक्स बंदराकडे ओढून नेलें जात आहे, असें छापिलें. उतारूंच्या सुखरूपतेविषयींची एक पृच्छा आणि दुसऱ्याच एका तेलवाहू जहाजास ओढून नेत असल्याची वार्ता, हीं दोन एकत्र मिसळलीं, असा खुलासा मागाहून करण्यांत आला. गोंधळाचा दोष हौशी मंडळींवरहि आला. ता. १३ ऑगस्ट १९१२ च्या अमेरिकन कायद्यानें त्यांस परवाना आवश्यक झाला व २०० मीटरांहून लांब लहरी वर्ज्य झाल्या. दोन पोथ्यांचीं पानें एका बासनांत मिसळून तिसराच ग्रंथ व्हावा, तसा हा प्रकार. मात्र येथें फसगत पंडितांची नव्हे, वाट पाहणाऱ्या आप्तांची झाली.

आतां १९१४ सालीं हार्टफर्ड येथें स्थापन झालेल्या अमेरिकन रेडिओ रिले लीगच्या संदेशाचा नमुना पाहावा. आरंभीं अनुक्रमांक, मग निकडीचा दर्जा, मूळ केंद्राचें संकेतनाम, मजकुराची शब्दसंख्या, गांव, वेळ व तारीख. त्यानंतर पत्ता, मजकूर आणि सही. दर्जे चार : आणीबाणी, अग्रक्रम, क्षेमकुशल व सामान्य. पूर्णविरामाऐवजीं एक्स हें अक्षर येतें व तेंहि शब्द म्हणून मोजितात. घेणारा शब्द मोजतो. आंकडा न जुळल्यास पुन्हां विचारतो. मुळांतच मोजणी चुकली असेल, तर पहिला आंकडा खोडीत नाहींत. तो तसाच ठेवून तिरप्या रेघेपुढें शुद्ध आंकडा लिहितात. मधल्या केंद्रांस मजकूर सुधारण्याची मुभा नाहीं. अवघड विशेषनाम एकेक अक्षर फोडून सांगतात. मोडी कागदांतील नांवांशीं ज्यांनीं झुंज घेतली आहे, त्यांस याचें कारण सांगावयास नको.

तारखात्यांत शब्द मोजीत ते दामासाठीं. हौशी चालक संदेशाचे दाम घेत नाहीं. म्हणजे मजुरीचा हेतु गळून गेला आणि पाठशुद्धीचा तेवढा उरला.

ता. २६ डिसेंबर २००४ रोजीं त्सुनामीच्या लाटा अंदमानांत आल्या, तेव्हां हैदराबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अमेच्युअर रेडिओची मंडळी दूरदेशींच्या केंद्रांशीं बोलण्याच्या मोहिमेवर पोर्ट ब्लेअर येथें होती. मोहीम टाकून त्यांनीं बेटांवरील लोकांचे कुशलसमाचार मुख्य भूमीस पोंचविले. अशा वेळीं नांवांतील एक अक्षर चुकलें, तर जिवंत माणसाच्या घरीं सुतक लागावयाचें.

संदेशाचा कागद आणि चालकाची नोंदवही या एकमेकींशीं ताडून पाहतां येणाऱ्या दोन साक्षी होत. वृद्ध हौशी चालकांच्या घरचीं अशीं दप्तरें रद्दींत जाण्यापूर्वीं संग्राहकांनीं मिळवावीं. तीं जतन करतांना शिरोभाग कापूं नये. तिरप्या रेघेच्या दोन्ही बाजूंचे आंकडे व खाडाखोड जशींच्या तशीं राखावीं. मजकूर खरा कीं खोटा, याचा पहिला पुरावा तेथेंच आहे.