'फोटो छान आला' : नवशिक्याला मिळालेल्या अभिप्रायाचा इतिहास

मराठीत कविता जमते, गाणे रंगते, चित्र उतरते. फोटो मात्र 'येतो'. 'फोटो छान आला' या वाक्यात छायाचित्रकाराला जागाच नाही. फोटो जणू पावसासारखा किंवा तापासारखा आपणहून येतो, आणि कौतुक होते ते बहुधा फोटोतल्या माणसाचे. अमरावती-अकोल्याकडे नवशिक्या छायाचित्रकाराने आपला पहिलावहिला प्रिंट कुणापुढे धरला, तर त्याला आजही बहुतेकदा हेच वाक्य ऐकायला मिळते. ते आपुलकीचे असते. पण पुढच्या वेळी काय वेगळे करायचे, हे त्यातून कळत नाही. या वाक्यापलीकडे जाणारा अभिप्राय आपल्याकडे कधी, कुठे आणि कुणाला मिळत होता, याचा थोडा मागोवा घ्यावा असे वाटते.

३ ऑक्टोबर १८५४ रोजी मुंबईत 'फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे' स्थापन झाली. निजामाशी १८५३ साली झालेल्या तहाने वऱ्हाड इंग्रजी कारभाराखाली आले, त्याच्या पुढच्याच वर्षाची ही गोष्ट. सोसायटीतले बरेचसे लोक हौशी होते. लष्करी अधिकारी, डॉक्टर, मुलकी नोकर अशी ही मंडळी. डॉ. भाऊ दाजी लाड सभासद होते आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी कार्यकारी मंडळावरही होते. १८५५ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. पुढे व्यावसायिक म्हणून नाव मिळवलेले हरिश्चंद्र चिंतामण हे त्या वर्गाचे विद्यार्थी. सोसायटी आपले नियतकालिकही काढत असे. मेणकागदाची निगेटिव्ह उकाड्यात कशी वागते, कलोडियन का बिघडते, अशा अडचणी बैठकीत मांडल्या जात, दुसऱ्याचे प्रिंट पाहिले जात आणि त्यांवर बोलले जाई. माझ्या मते या मंडळाचे मोठेपण प्रदर्शनांपेक्षा या बोलण्यात अधिक आहे. आपली फसलेली काच चारचौघांत दाखवण्याची सोय तिथे होती.

अर्थात या वर्तुळाला कुंपण होते. १८५६ साली कलकत्त्यात निघालेल्या अशाच सोसायटीचे कोषाध्यक्ष राजेंद्रलाल मित्र होते. त्यांनी १८५७ साली एका जाहीर सभेत निळीच्या मळेवाल्यांवर टीका केली आणि त्यापायी त्यांना सोसायटीतून काढून टाकण्यात आले. प्रिंटच्या छाया-प्रकाशावर मोकळेपणाने बोलणाऱ्या मंडळींना मालक आणि कुळे यांच्याविषयीचे बोलणे सोसवले नाही. मुंबईच्या सोसायटीतले विल्यम जॉन्सन यांनी १८६३ आणि १८६६ साली मुंबईतल्या जातीजमातींच्या छायाचित्रांचे दोन खंड काढले. त्यांतल्या अनेक चित्रांत एकीकडे टिपलेली माणसे कापून दुसऱ्याच दृश्यांवर बसवली आहेत. या कारागिरीच्या सफाईवर चर्चा होऊ शकत होती. पण ज्यांना त्यांच्या जागेवरून उचलून भलत्याच पार्श्वभूमीवर उभे केले, त्यांचे मत विचारण्याचा प्रश्न कुणापुढेच नव्हता. तेव्हा अभिप्रायाच्या इतिहासात दोन प्रश्न पहिल्यापासून आहेत : बोलायचे कशाबद्दल, आणि बोलणार कोण?

वऱ्हाडाच्या वाट्याला असे मंडळ आले नाही. वऱ्हाडाच्या सीमेलगत, निजामाच्या मुलखातल्या अजिंठ्यात रॉबर्ट गिल हा लष्करी अधिकारी १८४४ पासून भित्तिचित्रांच्या नकला करीत होता. पुढे त्याने कॅमेरा हाती घेतला. ओल्या काचेच्या पद्धतीत रसायन वाळायच्या आत लेप, टिपणे आणि धुणे सगळे उरकावे लागे; त्या उन्हात हे काम किती जिकिरीचे असेल, याची कल्पना वैशाखातला वऱ्हाड पाहिलेल्याला सहज येईल. १८६४ साली त्याची ७४ छायाचित्रे जेम्स फर्ग्युसनच्या मजकुरासह लेण्यांवरील पुस्तकात प्रसिद्ध झाली. फर्ग्युसन वास्तुकलेचा जाणकार, म्हणून मजकूर लेण्यांबद्दल आहे. गिलने कोणता उजेड निवडला, कुठे उभा राहिला, याकडे त्या चित्रांतून वेगळे पाहायला हवे. चित्राच्या आरपार विषयाकडे पाहण्याची ही सवय आपल्याला अजून सुटलेली नाही.

१८६७ साली मुंबईहून निघालेला लोहमार्ग अकोला, बडनेरा ओलांडून नागपूरला पोचला. मुंबईचा माल वऱ्हाडात येणे सोपे झाले आणि पुढच्या काळात शहरांतून स्टुडिओ आले. नवशिक्याची शाळा म्हणजे हा स्टुडिओ, आणि मास्तर म्हणजे मालक. पोऱ्या आधी ट्रे धुवायचा, मग हायपो कालवायचा, मग लाल दिव्याखाली प्रिंट हलवत उभा राहायचा. मालकाचा अभिप्राय थोडक्यात असे : 'काळा गेला', 'जळाला', 'हलला', 'पुन्हा काढ'. ही भाषा रोखठोक होती आणि तिचा उपयोगही होता. चूक कुठे झाली ते त्याच दिवशी, त्याच कागदावर बोट ठेवून कळे. पण तिची मर्यादा गिऱ्हाईकाच्या पसंतीशी संपत असे. चेहरा उजळ हवा, सुरकुती नको. त्यासाठी निगेटिव्हवर पेन्सिलीने रिटचिंग करायचे. हा चेहरा असाच का दाखवायचा, असे विचारणारे त्या अंधाऱ्या खोलीत कुणी नव्हते.

शेजारच्या कलेशी तुलना केली की हे अधिक स्पष्ट होते. १४ जानेवारी १९२३ रोजी, संक्रांतीच्या दिवशी, अमरावतीत विदर्भ साहित्य संघ स्थापन झाला. तेव्हापासून वऱ्हाडातल्या नवोदित कवीला वाचून दाखवायला बैठक होती, परीक्षण होते आणि भांडायला प्रतिपक्षही होता. त्याच गावातल्या कॅमेरावाल्याला यातले काही नव्हते. मुंबईत १९३७ साली फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया आणि १९५३ साली फेडरेशन ऑफ इंडियन फोटोग्राफी स्थापन झाल्यावर सलोन-स्पर्धांचा मार्ग लहान गावांनाही खुला झाला. पाकिटात प्रिंट घालून पाठवायचे आणि वाट पाहायची. उत्तर येई ते 'स्वीकृत' किंवा 'अस्वीकृत', फार तर गुण. काही जणांना या शिस्तीने घडवलेही. पण गुणांकाला उलट प्रश्न विचारता येत नाही, आणि परीक्षकाला काय आवडते याचा अंदाज बांधत काम करू लागणे सोपे असते.

यात नेमके काय पणाला लागले आहे, ते गेल्या काही दशकांत वऱ्हाडाला अनुभवाने कळले. २००६ साली पंतप्रधानांनी शेतकरी आत्महत्यांच्या संदर्भात विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी मदत जाहीर केली, त्यांत अमरावती आणि अकोला दोन्ही होते. त्या काळात कॅमेरे गावोगाव पोचले. उंबऱ्यात बसलेली बाई, भिंतीवर हार घातलेला फोटो, खिडकीतून येणारा तिरपा उजेड; ही चौकट पाहता पाहता ठरून गेली. मेळघाटातल्या कोरकू बाळांचेही तेच झाले. अशी चौकट घेऊन आलेल्या नवशिक्याला 'उजेड सुंदर आहे' म्हणणे खोटे नसेल, पण अपुरे आहे. 'तिला विचारलेस का? तिचे नाव काय? ती शेतात काम करताना का दिसत नाही?' हे विचारणारा त्याला भेटायला हवा. राजेंद्रलाल मित्रांना बाहेर काढणाऱ्या मंडळात नेमका हाच प्रश्न बसत नव्हता.

असा प्रश्न स्वतःला विचारणारे छायाचित्रकार इथूनच गेले आहेत. मूळचे अकोल्याचे सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे काम आणि त्यांची घरे वर्षानुवर्षे टिपली. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्या कृष्णधवल चित्रांत गटार आहे, तसे घरही आहे. पण हे नाव घडले मुंबईत. अकोल्यात राहून कॅमेरा शिकणाऱ्या मुलीला प्रिंट घेऊन कुठे जायचे, हा प्रश्न उरतोच.

याचे एक उत्तर साहित्याच्या वर्गात असू शकते, असे मला वाटते. कवितेपुढे बसल्यावर आपण आधी काय दिसते ते सांगतो, मग ते कसे घडले ते शोधतो, मग ते कुणाच्या वतीने बोलते हे विचारतो, आणि निवाडा शेवटी ठेवतो. हीच रीत एखाद्या छायाचित्रापुढे चालवायला महागडा कॅमेरा लागत नाही. भिंतीला टेकवलेला एक प्रिंट, पाच-सहा माणसे आणि तासभर वेळ पुरतो. तो फोटो काढणारीने पहिला अर्धा तास गप्प राहावे आणि इतरांनी 'छान आला' हे शब्द वापरायचे नाहीत, एवढे दोन नियम सुरुवातीला पुरेत. अमरावतीत १९२३ साली कवींसाठी जे झाले, ते तिच्यासाठी अजून व्हायचे आहे.