तीन आण्यांचा हिशेब

दिल्ली, ऑगस्ट १९६३. मोबाइल साठ वर्षं पुढे राहिला आहे, खिशात नुसती चिल्लर. तुम्ही लोकसभेच्या प्रेक्षक गॅलरीत शिरता आणि खाली वाकून बघता. बाकं अर्धवर्तुळात मांडलेली, त्यातली बहुतेक काँग्रेसची. गेल्या वर्षी त्यांना ३६१ जागा मिळाल्या. विरोधकांत सर्वांत मोठा पक्ष कम्युनिस्टांचा, तोही २९ वर थांबलेला. अधिकृत विरोधी पक्षनेता म्हणावा असा इथे कोणीच नाही.

आचार्य कृपलानी उठतात. पंच्याहत्तरीला टेकलेला, किडकिडीत देह. तुम्ही मुंबईकर असाल तर त्यांना ओळखाल. गेल्याच वर्षी उत्तर मुंबईत कृष्ण मेनन यांनी त्यांना पाडलं होतं. मग चीनचं युद्ध झालं, मेनन यांना जावं लागलं आणि संरक्षण खातं सांभाळायला महाराष्ट्रातून यशवंतराव चव्हाण आले. कृपलानी मात्र अमरोह्याची पोटनिवडणूक जिंकून सभागृहात हजर. समोर नेहरू, स्वातंत्र्यलढ्यातले त्यांचे जुने सोबती. त्यांच्याच सरकारवर आता अविश्वास ठराव येतो आहे, लोकसभेतला पहिला.

निकाल तुम्हाला माहीत आहे. खाली बसलेल्यांनाही माहीत आहे. मग हा खटाटोप कशाला?

उत्तरासाठी थांबावं लागतं. चर्चा चार दिवस चालते, एकवीस तासांहून अधिक. सीमेवर काय चुकलं, कर इतके का वाढले, सुवर्ण नियंत्रणाने सोनारांच्या पोटावर पाय का आला? एरवी फायलींत पडून राहणारे प्रश्न सभागृहात येतात आणि बहुमत कितीही मोठं असलं तरी मंत्र्यांना ऐकून घ्यावं लागतं, बोलावं लागतं.

तेवढ्यात राममनोहर लोहिया उभे राहतात. नुकतेच फर्रुखाबादहून निवडून आलेले, बोलणं हिंदीत. देशातले सत्तावीस कोटी लोक रोज तीन आण्यांवर जगतात, असं ते सांगतात. सत्ताधारी बाकांवर चुळबुळ होते. तीन नव्हे, पंधरा आणे, असं सरकारचं उत्तर येतं. तुम्ही कान टवकारता. भांडण आता भाषणांचं उरलेलं नाही, हिशेबाचं झालं आहे. गरिबाच्या ताटात किती पडतं, हे सरकारला आकड्यांत सांगायला लागतं आहे.

२२ तारखेला मतदान होतं. ठरावाच्या बाजूने ६२, विरोधात ३४७. नेहरू जिंकतात, पण चिडत नाहीत. अशी परीक्षा अधूनमधून झालेली बरी, असंच ते म्हणतात.

तुम्ही बाहेर पडता. आणे जाऊन नवे पैसे आले त्याला सहा वर्षं झाली, तरी लोकांच्या तोंडी अजून आणेच. तुम्ही खिशातली चिल्लर तळहातावर घेता आणि नकळत मोजू लागता. तीन आणे म्हणजे एकोणीस नवे पैसे. एका माणसाचा एक दिवस.