कुंपणाच्या आतला वायू

सिंदखेडराजा आणि मेहकरच्या शिवारातून समृद्धी महामार्ग जातो, हे सर्वांस ठाऊक आहे. त्याच महामार्गाच्या कडेने जमिनीखालून गेलची मुंबई–नागपूर नैसर्गिक वायुवाहिनी गेली आहे; ती वरून दिसत नाही. उद्या बुलढाणा जिल्ह्यातील एखाद्या महाविद्यालयाने वेशीवर एकच मीटर बसवून भोजनगृह, प्रयोगशाळा, वसतिगृह आणि कर्मचारी निवासांपर्यंत स्वतःचे नळ नेले, तर त्या आतल्या नळांना सुरक्षेचे नियम कोणाचे? प्रश्न नवा वाटतो, पण त्याचा इतिहास सव्वाशे वर्षांहून जुना आहे.

१८६५ साली मुंबईच्या रस्त्यांवर बॉम्बे गॅस कंपनीचे दिवे लागले. तो वायू दगडी कोळशापासून काढलेला असे आणि त्याला अंगचाच उग्र दर्प होता. गळती नाकाला कळे.

एका आवाराने स्वतःपुरता वायू निर्माण करून वापरल्याचे आपल्याकडील ठळक उदाहरण माटुंग्याच्या कुष्ठधामाचे. १८९७ च्या सुमारास तेथील मैलाटाकीतून निघणारा वायू गोळा करून उपयोगात आणला गेला. अनेक पुस्तकांत या प्रयोगाचे साल १८५९ असे छापलेले आढळते. परंतु हे कुष्ठधाम ॲकवर्थ यांच्या पुढाकाराने १८९० मध्ये उभे राहिले. जी संस्थाच नव्हती तिचा वायुसंच एकतीस वर्षे आधी कसा चालला, हे एकमेकांची नक्कल करणाऱ्या लेखकांनी कधी विचारले नाही!

कुंपणाच्या आतल्या वायूची खरी किंमत जगाला कळली ती टेक्सासमधील न्यू लंडन येथे. तेलाच्या पैशावर उभ्या राहिलेल्या तेथील शाळेने महिन्याला सुमारे ३०० डॉलर वाचविण्यासाठी विकतचा वायू बंद केला आणि जवळच्या तेलक्षेत्रातील टाकाऊ वायूच्या नळाला स्वतःची जोडणी करून घेतली. त्या भागात ही पद्धत सर्रास होती. नैसर्गिक वायूला मुळात वास नसतो. गळलेला वायू इमारतीच्या तळाशी साचत गेला आणि कोणालाच सुगावा लागला नाही. १८ मार्च १९३७ रोजी दुपारी कार्यशाळेत एका यंत्राचे बटण दाबले गेले, ठिणगी पडली आणि सुमारे ३०० जण मृत्युमुखी पडले. त्यांत बहुसंख्य विद्यार्थी होते. काही आठवड्यांतच टेक्सासने वायूत गंधद्रव्य मिसळणे सक्तीचे केले. आज स्वयंपाकघरातील गॅसला जो वास येतो, तो अशाच मर्कॅप्टनचा.

वास मिळाला, पण नळांची जबाबदारी कोणाची हा प्रश्न उरलाच. अमेरिकेने १९६८ मध्ये वायुवाहिन्यांच्या सुरक्षेचा राष्ट्रीय कायदा केला. पुढील नियमांनी भेद असा केला: आवार वेशीवर वायू विकत घेऊन स्वतःच जाळत असेल तर ते ग्राहक, तोच वायू भाडेकरूंना किंवा आवारातील दुकानांना नळाने पुरवू लागले तर ते वाहिनीचालक, आणि मग तपासणी व गळतीशोधाची बंधने त्यालाही लागू. म्हणजे निर्णय नळाच्या लांबीवर होत नाही, शेवटी वायू कोण वापरतो यावर होतो. ही कसोटी कोरडी वाटली तरी समंजस आहे.

आपल्याकडे थोरल्या वाहिनीवर कायद्याची नजर कडक आहे. १९६२ च्या पेट्रोलियम व खनिज वाहिनी कायद्यानुसार वापरहक्क संपादित झालेल्या पट्ट्यात शेतकऱ्याला घर बांधता येत नाही, विहीर खणता येत नाही, झाडही लावता येत नाही. आणि या हक्कापोटी मोबदला मिळतो तो जमिनीच्या बाजारभावाच्या १० टक्के. शहरी वितरणासाठी २००६ च्या कायद्याने नियामक मंडळ आले आणि २००८ मध्ये सुरक्षा-मानके आली. या मानकांची व्याप्ती घरगुती ग्राहकाच्या बाबतीत शेगडीच्या नळीपर्यंत पोहोचते. व्यापारी आणि औद्योगिक ग्राहकाच्या बाबतीत मात्र ती मीटरपाशी थांबते.

महाविद्यालयाचे आवार या दोहोंच्या मधोमध सापडते. कर्मचारी निवासातील शेगडी घरगुती आणि भोजनगृहाची भट्टी व्यापारी, पण दोन्हींना वायू पुरविणारा भूमिगत नळ एकच. वेशीवर एकच मीटर असेल, तर त्यापुढचा सगळा नळ संस्थेच्या माथी येतो. न्यू लंडनच्या शाळेतही जोडणी शाळेनेच केलेली होती.