पाकोळ्यांची वंशावळ

1758 साली कार्ल लिनिअसने प्राण्यांची नामावली नव्याने लावली, तेव्हा पाकोळीला त्याने भिंगरीच्याच घरात घातले. दोघींचे पंख लांब, दोघी उडता उडता किडे टिपणाऱ्या. तेव्हा हा घोटाळा समजण्यासारखा होता. आपल्या बोलीतही ही नावे एकमेकींत मिसळतात, आणि काही ठिकाणी तर लहान वटवाघळासही पाकोळीच म्हणतात. या शेवटच्या गोष्टीकडे पुढे पुन्हा वळावे लागेल. 1777 मध्ये स्कोपोलीने पाकोळीचा निराळा वंश केला, आणि आज तर तिचे जवळचे नातलग म्हणून अमेरिकेतल्या इवल्याशा हमिंगबर्डचे नाव घेतात. भिंगरीशी तिचे साम्य केवळ समान जीवनक्रमामुळे आलेले.

परंतु खरी गुंतागुंत झाली ती या कुळातल्या लहान जातींची. इंग्रजीत त्यांना स्विफ्टलेट म्हणतात. आपण सोयीसाठी गुहापाकोळ्या म्हणू. चिनी मेजवानीत ज्या घरट्यांचे सार करतात, ती यांच्यापैकी काहींची. लिनिअसने रम्फियसच्या अंबोइना बेटावरील वृत्तांताच्या आधारे एकीला 'एस्क्युलेंटा', म्हणजे खाद्य, असे नाव दिले. पण ते नाव जिला चिकटले, ती चकचकीत पाठीची पाकोळी शेवाळ आणि काड्या चिकटवून घरटे करते व ते कोणी खात नाही. जिचे घरटे खातात तिला 1812 मध्ये थुनबर्गने 'फ्युसिफागा', अर्थात समुद्रशेवाळ खाणारी, म्हटले. घरटे शेवाळाचे असावे हा तेव्हाचा समज. वस्तुतः ते तिच्या स्वतःच्या लाळेचे असते. दोन्ही नावे अशी दिशाभूल करणारी, आणि आधी दिलेले नाव टिकवावे या नियमामुळे दोन्ही कायम! फायलीवर एकदा पडलेले शीर्षक पुढे किती वर्षे चालते, हे आपल्या पेशातील वाचकांस निराळे सांगावयास नको.

गुहापाकोळ्यांचा पिसारा बहुतेक काळसर-तपकिरी. संग्रहालयातील कातडी शेजारी शेजारी मांडली तरी फरक सापडणे कठीण. तेव्हा शास्त्रज्ञांनी रूपाचा नाद सोडून आचाराकडे पाहिले: घरटे कशाचे, किती लाळेचे, कोठे चिकटविलेले. त्यात आणखी एका आचाराची भर पडली. यांतील कित्येक जाती गर्द अंधाऱ्या गुहांत वाट काढताना टकटक असा आवाज करतात आणि त्याच्या प्रतिध्वनीवरून भिंतीचा अंदाज घेतात. वटवाघळासारखेच, मात्र हा आवाज माणसाच्या कानास ऐकू येतो. 1959 मध्ये लॉर्ड मेडवे यांनी 'नेचर'मध्ये या विषयावर लिहिले. पुढे 1970 च्या सुमारास रिचर्ड ब्रूक यांनी वाटणी केली: प्रतिध्वनीवर चालणाऱ्या 'एरोड्रामस', चकचकीत व तसे न करणाऱ्या 'कोलोकॅलिया', आणि धबधब्याच्या आड घरटे करणारी महापाकोळी 'हायड्रोकस'. वेंगुर्ल्यासमोरील समुद्रात जे खडक आहेत, तेथील कपारींत राहणारी आपली गुहापाकोळी, 1840 साली जर्डनने 'हिरुंडो युनिकलर' म्हणून नोंदलेली, या वाटणीत एरोड्रामसकडे गेली.

पण आचारावरून कुळ ठरविता येते काय? जन्म की कर्म हा वाद आपल्याकडे जुना आहे. पक्ष्यांच्या बाबतीत निकालासाठी निदान एक दप्तर तरी उपलब्ध आहे. पेशीतील डी.एन.ए. पिढ्यान्‌पिढ्या नकलून घेतला जातो आणि नकलताना क्वचित अक्षर बदलते. महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करणाऱ्या पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या पंडितांनी पोथ्यांचे पाठभेद ताडून त्यांच्या शाखा लावल्या. ज्या पोथ्यांत एकच वेगळा पाठ, त्यांचे मूळ बहुधा एक. पक्ष्यांच्या बाबतीतही तत्त्व तेच. येथे पोथी म्हणजे सायटोक्रोम-बी हे जनुक. मायटोकाँड्रिया या पेशीतील कणांत ते असते व आईकडून येते.

1996 साली ली, क्लेटन, ग्रिफिथ्स आणि पेज यांनी या जनुकाच्या आधारे वंशावळ मांडली. निकाल चमत्कारिक होता. घरट्याची साक्ष पार कोसळली: एरोड्रामसच्या घरट्याचा एकही विशेष वंशावळीशी विश्वासार्ह रीतीने जुळला नाही. म्हणजे लाळ अधिक की शेवाळ अधिक यावरून नाते सांगणे व्यर्थ. प्रतिध्वनीची साक्ष मात्र बरीच टिकली. त्या जाती एकत्र आल्या. फक्त त्यांच्या सोबतीस आली मुकी महापाकोळी! तिच्या पूर्वजांनी ही विद्या कमावून गमावली असावी, असा तर्क पुढे आला. त्याच अभ्यासात कोलोकॅलिया दूर फेकल्या गेल्या होत्या. पुढील अधिक विस्तृत अभ्यासांनी त्यांना पुन्हा जवळ आणले. एका जनुकावर सर्वस्वी विसंबू नये, एवढे त्यावरून दिसले.

मग प्रतिध्वनीवरही विसंबता येईना. फिलिपीन्समधील बुटकी पाकोळी डी.एन.ए.ने कोलोकॅलियाची, आणि तीही गुहेच्या अंधारात टकटक करीत उडते, असे आढळले. 2004 मध्ये प्राइस, जॉन्सन आणि क्लेटन यांनी तिला वंशावळीत बसविताना दोन पर्याय ठेवले: ही विद्या दोनदा स्वतंत्रपणे उपजली, अथवा सर्वांच्या मूळ पूर्वजाकडेच ती होती आणि चकचकीत पाकोळ्यांनी व महापाकोळीने ती टाकली. दोहोंपैकी काहीही असले, तरी ब्रूकने केलेल्या तीन वंशांची नावे आजही वापरात आहेत; त्यांतील एकाचा जो आधार, तो मात्र त्याची एकट्याची मिरास राहिलेला नाही.