गाणं कुणाच्या नावावर?

बाजारकुणंगच्या जुन्या माणसांकडून कुमरीची गोष्ट आम्ही पोरांनी पुष्कळदा ऐकली. कुमरी म्हणजे फिरती शेती: डोंगरउतारावरचा झाडोरा तोडायचा, वाळला की जाळायचा, राखेत नाचणी पेरायची आणि दोनेक पिकं झाली की जागा सोडून पुढं सरकायचं. जंगल सगळ्यांचं, पण कुठला तुकडा कुणी करायचा आणि किती वर्षं पडीक ठेवायचा, ते गावातले जाणते ठरवत. १८६२ साली आमचा उत्तर कन्नड जिल्हा मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला. पुढं राखीव जंगलाच्या हद्दी पडल्या, कुमरी आक्रसत गेली. आजा म्हणे, ‘जंगल सरकारी झालं नि आम्ही गुन्हेगार.’

आजीची गोष्ट टेपवाल्याची. शहरातून ओव्या टेप करायला आलेल्या त्या पाहुण्यानं तिला जात्यावर बसवलं आणि म्हणाला, दाणे घालू नका, घरघर येते. आजी म्हणाली, ‘रिकामं जातं फिरवू नये, दगड दगडाला खातो.’ शेवटी मूठभर नाचणी घातली तेव्हाच ओवी आली. टेप मात्र गावानं पुन्हा कधी ऐकली नाही.

आजीच्या ओवीला कर्ता नाही, म्हणून १९५७ च्या कॉपीराइट कायद्यापुढं ती निराधार. ध्वनिमुद्रणाचा हक्क मात्र ते करवणाऱ्याचा, प्रसिद्धीनंतर ६० वर्षं. गाणाऱ्याच्या हक्काला कायद्यात जागा मिळाली ती थेट १९९४ च्या दुरुस्तीत.

वेगळी वाटही आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांसोबत महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. बर्नार बेल यांनी त्यांतल्या कितीतरी ध्वनिमुद्रित केल्या. २०१७ पासून ‘पारी’ संकेतस्थळावर त्या गाणाऱ्या बाईच्या नावागावासकट ऐकायला मिळतात. नाव लावलं की निदान विचारायला माणूस उरतो.

तरी नाव लावणं म्हणजे हक्क देणं नव्हे. सामायिक म्हणजे बेवारस नव्हे, हे कुमरीवाल्यांना पक्कं ठाऊक होतं. २००६ च्या वनहक्क कायद्यानं सामुदायिक जंगल राखण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला. तोच न्याय गाण्याला लावायला काय हरकत आहे? ध्वनिमुद्रणाची एक प्रत गावच्या शाळेत ठेवावी. सिनेमावाल्याला किंवा जाहिरातवाल्याला ते वापरायचं असेल तर त्यानं गावाला विचारावं. सणाव्रताचं एखादं गाणं बाहेर द्यायचं नसेल, तर ‘नाही’ म्हणण्याचा अधिकारही गावाकडे असावा. असा नकार ज्या संग्रहाला चालत नाही, त्यानं स्वतःला सगळ्यांचा म्हणवू नये.